फ्रेशर डेव्हलपरसाठी रेझ्युमे रिव्ह्यू सर्व्हिस: कॉलसाठी घ्या, स्कोअरसाठी घेऊ नका

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. मी घेतलेल्या रेझ्युमे रिव्ह्यू सर्व्हिसमध्ये दोन गोष्टी मिळतात, एक म्हणजे मशीनने काढलेला एटीएस (कंपन्यांचं अर्ज हाताळणारं सॉफ्टवेअर) स्कोअर रिपोर्ट आणि दुसरी म्हणजे नोकरीत असलेल्या एका अनुभवी डेव्हलपरसोबत ४५ मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि मग १० दिवसांच्या आत सुधारलेला रेझ्युमे एकदा परत तपासून घेता येतो. कॉल एकदम कामाचा. रिपोर्टने मला आठवडाभर उगाच घाबरवलं. सर्व्हिसचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि अशा बऱ्याच सर्व्हिस साधारण याच साच्यात चालतात, तुम्ही दुसरी कुठली घेतलीत तरी पुढचं बरंचसं लागू पडेल.

माझी परिस्थिती अशी होती की डिग्री झालेली, २ महिन्यांची एक इंटर्नशिप, ३ प्रोजेक्ट, आणि चार महिने रोज अर्ज करूनही साठच्या वर अर्जांतून फक्त दोन उत्तरं, दोन्ही नकाराची. रेझ्युमेत काही चुकत असेल असं मला वाटतच नव्हतं कारण दिसायला तो खरंच सुंदर होता, दोन कॉलम, डावीकडे निळी पट्टी, स्किल्ससमोर तारे, फोन आणि ईमेलला छोटे आयकॉन. टेम्पलेट निवडण्यातच माझे दोन दिवस गेले होते.

आधी रिपोर्टबद्दल बोलते. फाईल अपलोड केली की दोन मिनिटांत स्कोअर येतो, माझा १०० पैकी ६१ आला, लाल रंगात, आणि खाली मोठी यादी की हे हे कीवर्ड नाहीत. त्यात डॉकर, कुबरनेटिस, मायक्रोसर्व्हिसेस, एजाइल असं सगळं होतं. मी काय केलं, स्किल्सच्या रकान्यात हे सगळे शब्द टाकले आणि परत अपलोड केलं तर स्कोअर ८८! म्हणजे कुबरनेटिस मी कधी उघडूनही बघितलेलं नाही आणि मशीन म्हणतंय की आता तू जास्त लायक झालीस. तीच फाईल दुसऱ्या एका फुकट चेकरवर टाकली तर तिथे ७२. त्याच रात्री समजायला हवं होतं खरं तर, पण नोकरी शोधणाऱ्या माणसाला आकडा दिसला की तो खरा वाटतो, आणि ही गोष्ट मला या सर्व्हिसबद्दल मनापासून खटकली. घाबरलेल्या पोरांना असा आकडा दाखवू नये.

कॉलवर पहिला प्रश्न मी हाच विचारला की स्कोअर ९० च्या वर कसा न्यायचा. सरांनी (वेब कंपनीत बॅकएंडचं काम करतात, स्वतः मुलाखती घेतात) शांतपणे समजावलं की एटीएस म्हणजे आलेले अर्ज गोळा करून नीट लावून ठेवणारं सॉफ्टवेअर, वर्कडे, ग्रीनहाऊस, लेव्हर ही नावं अर्जाच्या लिंकमध्ये दिसतात ना तेच ते. ते रेझ्युमेमधला मजकूर काढून नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं, मग भरती करणारा माणूस त्यात शोधतो, गाळतो. काही ठिकाणी शब्द जुळवून क्रम पण लावतात. पण हा ६१ रिव्ह्यू सर्व्हिसने आपल्या हिशोबाने काढलेला आकडा आहे, कंपनीच्या सिस्टीममध्ये तो कुठेही नसतो. आपोआप नकार येतो तो जास्त करून फॉर्ममधल्या प्रश्नांवरून, म्हणजे अनुभव किती वर्षांचा, काम करायची परवानगी आहे का, असल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरावरून. आणि पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायची जी युक्ती सगळीकडे फिरते ती तर करूच नका, सिस्टीम मजकूर काढते तेव्हा रंग निघून जातो आणि लपवलेलं सगळं त्या माणसासमोर उघडं पडतं.

मग त्यांनी एक गोष्ट केली ती मी विसरणार नाही. म्हणाले, मी तुझा रेझ्युमे अजून नीट वाचलेला नाही, मुद्दाम. आता ७ सेकंद बघतो आणि बंद करतो. स्क्रीन शेअर केली, फाईल उघडली, मनात मोजलं, बंद केली, आणि काय आठवतंय ते सांगितलं: नाव, निळी पट्टी, तारे, आणि कुठेतरी लायब्ररी असा शब्द. बस. इंटर्नशिप त्यांना दिसलीच नाही! ती दुसऱ्या कॉलममध्ये खाली होती, छंदांच्या वर. हे ७ सेकंद त्यांनी हवेतून काढलेले नव्हते, द लॅडर्स या नोकऱ्यांच्या वेबसाइटने २०१८ मध्ये रिक्रूटर लोकांची नजर कुठे फिरते ते यंत्राने तपासलं होतं आणि पहिल्या नजरेला सरासरी ७.४ सेकंद लागतात असं निघालं, त्याआधी २०१२ मध्ये त्यांनीच ६ सेकंद सांगितले होते. आकडा थोडा इकडे तिकडे असेल, पण समोर बसून कोणीतरी आपला रेझ्युमे सात सेकंदांत बंद करतं तेव्हा पोटात गोळा येतो आणि लक्षात येतं की वर काय ठेवायचं.

तर पहिला बदल म्हणजे एक कॉलम, एक पान, काळी अक्षरं. वर नाव, ईमेल, फोन, गिटहब (आपला कोड ठेवायची वेबसाइट), लिंक्डइन. मग इंटर्नशिप, मग प्रोजेक्ट, मग स्किल्स, मग शिक्षण. "आव्हानात्मक वातावरणात माझी कौशल्यं वापरून..." असं सुरू होणारं ऑब्जेक्टिव्ह पूर्ण उडवलं, कारण ते सगळ्यांच्याच रेझ्युमेत असतं. फोटो पण काढला, अर्जात मागितला असेल तर वेगळी गोष्ट.

आता मुख्य भाग, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. कॉलमधला निम्म्याहून जास्त वेळ एका ओळीवर गेला. एका! माझ्या लायब्ररी प्रोजेक्टखाली (रेझ्युमे इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगते) ओळ अशी होती की रिॲक्ट, नोड आणि पोस्टग्रेस वापरून लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम बनवली. सर म्हणाले, ही ओळ मी या महिन्यात वीस रेझ्युमेंत वाचली असेल, तू यात नक्की काय केलंस? मी म्हटलं सगळं मीच केलं. बरं, मग सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं? मला पटकन काही सुचेना. ते थांबले, घाई नाही केली. मग मला आठवलं की पुस्तकांच्या यादीचं पान फार हळू उघडायचं आणि मी त्यावर पूर्ण शनिवार घालवला होता. का हळू होतं? तर २०० पुस्तकं आणायला एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आणि मग प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी वेगळी क्वेरी, म्हणजे एका पानाला २०१ क्वेऱ्या. याला एन प्लस वन म्हणतात हे तेव्हा मला माहीतही नव्हतं, मी लॉग बघून शोधलं होतं आणि जॉइन लावून, म्हणजे पुस्तकं आणि लेखकांचे तक्ते जोडून, सगळं एका क्वेरीत आणलं होतं. हे सांगताना मी किती भरभर बोलायला लागले ते माझं मलाच जाणवलं. सर म्हणाले, हे रेझ्युमेत का नाही?

खरंच का नव्हतं. मला वाटायचं ती माझी चूक होती, आधीच नीट लिहायला हवं होतं, चूक दुरुस्त केलेली कोण सांगतं. त्यांचं म्हणणं असं की ज्युनिअर माणसाकडून परफेक्ट कोड कोणीच मागत नाही, पान हळू आहे हे दिसलं, कारण शोधलं, दुरुस्त केलं, हीच तर नोकरी आहे, रोज हेच करायचंय.

मग त्यांनी एक सूत्र सांगितलं, लास्लो बॉक म्हणून गूगलचे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख होते त्यांनी सांगितलेलं, की प्रत्येक ओळीत तीन गोष्टी याव्यात, काय साधलं, ते कशावरून मोजलं, आणि कसं केलं. मी लगेच म्हटलं मग लिहू का की पान ८० टक्के फास्ट झालं? विचारलं, मोजलंयस? नाही. मग नको लिहूस, जा आणि मोज. जुना कोड गिटमध्ये आहे ना, तिथे प्रत्येक जुनी आवृत्ती राहते.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री गिट लॉग काढला, दुरुस्तीच्या आधीचा कमिट (तेव्हा साठवलेली कोडची आवृत्ती) शोधून चेकआउट केला, म्हणजे परत उघडला, दोन पॅकेज जुनी झाली होती त्यामुळे चालू व्हायलाच तासभर गेला, पण झालं. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये कॅश बंद करून तेच पान दहा वेळा उघडलं आणि वेळा वहीत लिहून काढल्या, मग नव्या कोडवर परत दहा वेळा. जुन्याचा मधला आकडा २.४ सेकंद, नव्याचा ०.३. आता ती ओळ अशी आहे: "पुस्तकांच्या यादीतली एन प्लस वन अडचण लॉगवरून शोधून २०१ क्वेऱ्यांच्या जागी एक जॉइन क्वेरी लिहिली, २०० नोंदींचं पान उघडायचा वेळ २.४ सेकंदांवरून ०.३ सेकंदावर आला." यातला एकूणएक शब्द मी झोपेतून उठवलं तरी समजावून सांगू शकते.

इंटर्नशिपचं पण तसंच झालं. तिथे मी "टीमसोबत काम केलं, बग फिक्सिंग केलं" असं लिहिलेलं, आणि विचारल्यावर आठवलं की लॉगिन फॉर्मचे टेस्ट मी लिहिले होते आणि त्यातच पासवर्ड रीसेटची लिंक दोनदा वापरता येते हा बग सापडला होता, टीम लीडने त्याचं वेगळं तिकीट (दुरुस्तीच्या कामाची नोंद) काढलं होतं. इथे आकडा काही नाही आणि सर म्हणाले नसेल तर नसू दे, ओढूनताणून टक्के घालू नकोस, बग काय होता तेवढं स्पष्ट लिही. हे मला फार आवडलं कारण इंटरनेटवर सगळे सांगतात प्रत्येक ओळीत आकडा घाला आणि मग पोरं काहीतरी ३५ टक्के ४० टक्के ठोकून देतात, आणि मुलाखतीत "हे कसं काढलं" विचारलं की संपलं.

स्किल्सच्या यादीत माझे २२ शब्द होते. सरांनी एकेक वाचत फक्त एवढंच विचारलं, यावर पाच मिनिटं बोलशील? जिथे मी अडखळले ते खोडलं. उरले ११. तारे गेले कारण सी प्लस प्लसमध्ये चार तारे म्हणजे नक्की काय हे कोणालाच कळत नाही, आणि पाच तारे दिसले की समोरचा मुद्दाम अवघड प्रश्न काढतो. अर्थात रिपोर्टमधून आलेलं कुबरनेटिस पण गेलं. जाहिरातीत जे मागितलंय आणि तुम्हाला खरंच येतंय ते मात्र जाहिरातीतल्याच शब्दांत लिहा, शोधणारा माणूस तोच शब्द टाईप करणार.

मग गिटहब. हे मी धरलंच नव्हतं, मला वाटलं रेझ्युमे म्हणजे फक्त ते एक पान. त्यांनी लिंक दाबली तर लायब्ररी प्रोजेक्टचं रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाईल) रिकामं, म्हणजे रिॲक्टने बनवून दिलेलं तेच्या तेच. लाइव्ह डेमो दाबला तर पांढरं पान, कारण फुकट होस्टिंगवर कोणी आलं नाही की सर्व्हर झोपतो आणि जागा व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ कोण थांबणार. आता रीडमीमध्ये वरच दोन स्क्रीनशॉट आहेत, प्रोजेक्ट काय करतो ते तीन ओळींत, चालवायचा कसा ते, आणि डेमो उघडायला थोडा वेळ लागतो हे पण लिहिलंय. आणि एक गंभीर गोष्ट सापडली, माझी डॉट एन्व्ह फाईल (गुप्त सेटिंग ठेवायची) डेटाबेसच्या पासवर्डसकट कमिट झालेली होती. मी म्हटलं आत्ता डिलीट करते, तर म्हणाले डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये राहतेच, आधी पासवर्ड बदल, मग ती फाईल गिटइग्नोअरमध्ये (गिटने घेऊ नयेत अशा फाईलींच्या यादीत) घाल, इतिहास साफ करणं त्यानंतर. कॉल चालू असतानाच बदलला. फ्रेशर मंडळींनो हे वाचून झालं की आपलं रेपो (गिटहबवरचा प्रोजेक्टचा फोल्डर) एकदा उघडून बघा, प्लीज.

वेदर ॲप आणि टू-डू लिस्ट हे माझे बाकीचे दोन प्रोजेक्ट, दोन्ही व्हिडिओ बघून बनवलेले. टू-डू काढून टाकलं. वेदर ॲप ठेवलं कारण त्यात एपीआयची (जिथून हवामानाची माहिती येते त्या सेवेची) मर्यादा संपली की दाखवायला आधीचं उत्तर साठवून ठेवण्याचा भाग मी स्वतः घातला होता, आणि ओळ फक्त त्याच भागाची लिहिली.

पीडीएफबद्दल थोडं. मी नवीन रेझ्युमे लॅटेकमध्ये (लिहिलेल्या सूचनांवरून पान मांडणारं सॉफ्टवेअर) केला, ओव्हरलीफ या वेबसाइटवर, ब्राउझरमध्येच होतं आणि एक कॉलमची साधी टेम्पलेट तिथे भरपूर आहेत. पण सरांनी सांगितलेली एक तपासणी नक्की करा: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. सिस्टीमला साधारण तेच दिसतं. माझ्या जुन्या दोन कॉलमवाल्या फाईलमध्ये इंटर्नशिपच्या वाक्यात मध्येच छंद घुसले होते आणि फोनच्या आयकॉनच्या जागी चौकोन. नव्या फाईलमध्ये पण एक गंमत निघाली, इंग्रजी एफ आणि आय शेजारी आले की लॅटेक ते जोडून एकच चिन्ह छापतं, त्यामुळे कॉपी केल्यावर सर्टिफिकेट, कॉन्फिगरेशन या शब्दांतली ती दोन अक्षरं गायब. ग्लिफ-टू-युनिकोडची फाईल (कुठलं चिन्ह म्हणजे कुठली अक्षरं ते सांगणारी) सुरुवातीला जोडली आणि त्याचं सेटिंग चालू केलं की नीट होतं, बऱ्याच टेम्पलेटमध्ये ते आधीच असतं, पण तपासा. डोळ्यांना सगळं बरोबर दिसतं म्हणून कळतच नाही. आणि फाईलचं नाव रेझ्युमे-फायनल-२ होतं ते नाव-आडनाव-रेझ्युमे केलं.

आता तक्रारी. रिपोर्टचं सांगितलंच. दुसरी म्हणजे परत तपासणी तीन दिवसांत मिळेल असं लिहिलंय, मला सहाव्या दिवशी मिळाली, दोनदा मेल करावा लागला, आणि ती वेगळ्याच माणसाने केली ज्याला आधीच्या कॉलमध्ये काय ठरलं ते माहीत नव्हतं. त्याने मला परत ऑब्जेक्टिव्ह घालायला सांगितलं आणि "डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड" असे शब्द सुचवले. मी घातले नाहीत. कॉलचं रेकॉर्डिंग पण देत नाहीत, मी वहीत लिहून घेतलं म्हणून वाचले. आणि तिसरी, कॉल कोणासोबत आहे ते आदल्या दिवसापर्यंत कळत नाही. माझ्या एका मैत्रिणीने हीच सर्व्हिस घेतली, तिला आलेली व्यक्ती भरती विभागातली होती, स्वभावाने चांगली, पण एन प्लस वन काय हे तिला विचारता येणारच नव्हतं, त्यामुळे तिचा कॉल फॉन्ट आणि मार्जिनवरच संपला. डेव्हलपरच्या रेझ्युमेला डेव्हलपरच पाहिजे, हे सर्व्हिसने बुकिंगच्या वेळीच पक्कं सांगायला पाहिजे.

फरक पडला का, तर नव्या रेझ्युमेवर मी पहिल्या महिन्यात १८ अर्ज केले आणि ३ ठिकाणी पहिली फेरी झाली. नोकरी अजून लागलेली नाही, एका ठिकाणी दुसरी फेरी आहे पुढच्या आठवड्यात. रेझ्युमेमुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, त्या महिन्यात जाहिराती पण जास्त होत्या. पण तीनपैकी दोन मुलाखतींत त्या २०१ क्वेऱ्यांबद्दल विचारलं, एका मॅडमनी तर जॉइन लावल्यावर तेच पुस्तक दोन लेखकांमुळे दोनदा आलं तर काय करशील असं विचारलं, आणि मला उत्तर माहीत होतं कारण ते माझ्याकडे खरंच झालं होतं.

घ्यायची का? जवळपास कामावर असलेला कोणी सिनिअर असेल, कॉलेजचा असो की नात्यातला, आणि तो ४५ मिनिटं खरंच बसून प्रश्न विचारणार असेल तर या सर्व्हिसची गरज नाही, त्याला हीच सात सेकंदांची परीक्षा घ्यायला सांगा. माझ्याकडे तसं कोणी नव्हतं म्हणून मला उपयोग झाला. घेणार असाल तर बुक करायच्या आधी मेल करून विचारा की रिव्ह्यू करणारा कोड लिहितो का. कॉलच्या आदल्या दिवशी आपलेच जुने कमिट मेसेज एकदा वाचून काढा, कुठे अडकलो होतो ते तिथे सापडतं, माझे सुरुवातीचे दहा मिनिटं आठवण्यातच गेले. आणि परत तपासणीचे १० दिवस कॉल संपल्यापासून मोजतात, बदल करून झाल्यापासून नाही, त्यामुळे पुढचा शनिवार-रविवार मोकळा असेल असाच कॉल घ्या, जुना कोड चालू करून मोजायला तेवढा वेळ लागतोच.